बोआच्या वेतात वेगळ्या वाणाचं पिल्लू निघालं, तर

बोआ हा साप अंडी घालत नाही, मादी थेट पिल्लं देते. सकाळी पेटी उघडावी, ओल्या तांबूस-तपकिरी गुंत्यात एखादं पिल्लू भलत्याच वाणाचं दिसावं आणि हात थरथरावा, हे मी अनुभवलं आहे. त्या वेतात एकवीस पिल्लं होती. विसांच्या पाठीवर नेहमीची गडद खोगिरं (पाळणारे त्यांना सॅडल म्हणतात) आणि एकाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत सरळ, अखंड पट्टा. नवं मॉर्फ (आनुवंशिक रंग-नक्षीचा वाण) आपल्या घरी जन्मलं असं मानून मी त्याच दिवशी त्याला नाव देऊन टाकलं. माझी समजूत चुकीची होती हे कळायला आठ वर्षं गेली. ती आठ वर्षं कशी घालवायची, हेच इथे सांगते आहे.

पहिली कात पडेपर्यंत कुठलंही अनुमान काढू नका. ती जन्मानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत पडते. तोवर कातडी धुरकट असते आणि खालचा रंग फसवतो. कात पडली की फोटो काढा. जागा तीच, मागची पांढरी पाटी तीच, खिडकीतला उजेड तोच आणि दिवसाची वेळही तीच ठेवा. वेळेचं मुद्दाम सांगते, कारण बोआ दिवसा गडद आणि रात्री फिका दिसतो. कातडीतल्या पेशींमध्ये मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, पसरतं आणि आकसतं, त्याचा हा परिणाम. रात्रीच्या फोटोवरून साध्या पिल्लाला ‘हायपो’ (काळा रंग कमी असलेला वाण) ठरवलेलं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. भावंडांपैकी एक साधं पिल्लू प्रत्येक फोटोत शेजारी ठेवा, म्हणजे तुलना पक्की होते. पुढे वर्षभर प्रत्येक कातीनंतर हेच करा. काही जनुकांचा रंग सावकाश उलगडतो. ‘आयएमजी’, म्हणजे मेलॅनिन वाढवत नेणारं जनुक, असलेलं पिल्लू जन्मतः जवळपास साधंच दिसतं आणि वाढता वाढता काळं पडत जातं.

मग नाव शोधण्याआधी हरवलेला रंग शोधा. काळा रंग मुळातच नाही, डोळे लाल आहेत आणि नक्षी फक्त पिवळ्या-केशरी-पांढऱ्यात उरली आहे, तर तो अल्बिनो. काळ्याच्या जागी कॅरॅमलसारखा किंवा जांभळट तपकिरी रंग असेल, तर मेलॅनिन तयार करणारं टायरोसिनेज हे विकर थोडंफार काम करतं आहे असं धरतात आणि त्याला ‘टी-प्लस’ म्हणतात. लाल रंग नाही आणि पिल्लू राखाडी, चंदेरी, काळं आहे, तर ‘अॅनेरी’. अशा पिल्लावर वयानुसार पिवळसर झाक चढते, तेव्हा ‘रंग फिरला’ म्हणून घाबरू नका. काळा आहे पण कमी, खोगिरांच्या कडा स्वच्छ आणि अंगावरचे काळे शिंतोडे विरळ, तर ‘हायपो’, ज्याची एक जुनी ओळ (एकाच मूळ सापापासून चालत आलेला वंश) ‘सॅमन’ नावाने प्रसिद्ध आहे. बाकीची बरीचशी झगमगीत नावं ही यांचीच बेरीज आहे. हायपो आणि अल्बिनो मिळून सनग्लो, अॅनेरी आणि अल्बिनो मिळून स्नो, हायपो आणि अॅनेरी मिळून घोस्ट, तिन्ही एकत्र आले की मूनग्लो.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले. अल्बिनो म्हणजे एकच जनुक नव्हे. ‘काल’ आणि ‘शार्प’ या दोन वेगळ्या ओळी आहेत आणि त्यांतला दोष वेगवेगळ्या जनुकांत आहे. माझा नर काल ओळीतला होता. मादी मी कागदपत्रांशिवाय घेतली. विकणाऱ्याने ‘अल्बिनोच आहे’ एवढंच सांगितलं आणि मीही तेवढ्यावर समाधान मानलं. दोघं डोळ्यांना सारखेच दिसत. सतरा पिल्लं झाली आणि सतराही साधी. प्रत्येक पिल्लाला एका पालकाकडून काल जनुकाची सदोष प्रत मिळाली होती, तर त्याच जनुकाची चांगली प्रत दुसऱ्याकडून. शार्पच्या बाबतीत याच्या उलट. दोन्ही अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असल्याशिवाय न दिसणारे, म्हणून कुठलाच दिसला नाही. वेगळ्या वाणाचा साप घेताना रंगाआधी ओळ विचारा आणि ती लिहून घ्या.

नक्षीचं काम रंगापेक्षा किचकट असतं. खोगिरं मोजा, कुठे जुळली आहेत ते टिपा, कुशीवरची नक्षी, डोक्यावरची रेघ, शेपटी आणि पोट वेगवेगळं पाहा. मॉट्लीमध्ये खोगिरं कडेने जुळून पाठीवर गोल ठिपक्यांची साखळी दिसते. जंगल मॉर्फमध्ये ती वेडीवाकडी एकमेकांत शिरतात. पण साध्या बोआच्या अंगावरही दोन-तीन खोगिरं जुळलेली असू शकतात, तेवढ्यावर हुरळून जाऊ नये. मूळ प्रदेशही तपासा. होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचा ‘हॉग आयलंड’ बोआ मुळातच फिका, गुलाबीसर असतो. त्याचा अंश तुमच्या मादीत असेल, तर फिकं पिल्लू म्हणजे नवं जनुक नव्हे.

आता अपघात वगळायचे. मादी गाभण असताना तापमान घसरलं किंवा चढलं, तर पिल्लांची नक्षी बिघडू शकते आणि तो बिघाड पुढच्या पिढीत जात नाही. माझ्या वहीत त्या वर्षीची नोंद होती: थर्मोस्टॅट बंद पडला, सलग चार रात्री पेटी चोवीस अंशांवर. पट्ट्याच्या आनंदात मी ते पान उलटून पाहिलंच नाही. दुसरा अपघात ‘पॅराडॉक्स’. अल्बिनो पिल्लाच्या अंगावर मधेच गडद काळा डाग. दिसायला विलक्षण सुंदर, पण त्यावरून पुढची वेतं बांधता येत नाहीत.

आणि बाप कोण, हेही गृहीत धरू नका. बायोलॉजी लेटर्स या नियतकालिकात २०११ साली एका बोआ मादीची नोंद छापली गेली. तिला झालेली बावीस पिल्लं बापाविना जन्मली होती, सगळ्या माद्या आणि सगळ्यांवर आईचाच दुर्मीळ कॅरॅमल रंग. हा रंग अप्रभावी, त्यामुळे तो सगळ्याच पिल्लांत उतरणं हाच मोठा सुगावा होता.

एवढं करूनही पिल्लू वेगळंच उरलं, तर सिद्धता फक्त प्रजननातून मिळते. नर साधारण दोन-तीन वर्षांत तयार होतो, मादीला चार किंवा अधिक वर्षं द्या. आधी नात्यात नसलेल्या साध्या जोडीदाराशी वेत घ्या. वैशिष्ट्य प्रभावी, म्हणजे एकाच प्रतीने दिसणारं, असेल, तर सरासरी निम्म्या पिल्लांत लगेच दिसेल. माझ्या पट्टेवाल्याची अठराही पिल्लं साधी निघाली. तरी आशा संपत नाही, कारण वैशिष्ट्य अप्रभावी असेल, तर ही पिल्लं ‘हेट’, म्हणजे एक प्रत लपवून बाळगणारी, असतील. हेट भाऊ-बहिणीची जोडी लावली, तर चारात एक या प्रमाणात वैशिष्ट्य दिसायला हवं. दहा पिल्लांत एकही न दिसण्याची शक्यता सुमारे सहा टक्के असते, म्हणजे लहान वेतावरून निकाल देता येत नाही. वीस पिल्लं झाली, तर ती हजारात तीनवर येते.

मी त्याची मुलगी वाढवली आणि बाप-लेकीचं एकच वेत घेतलं. पट्टा अप्रभावी असता, तर इथे निम्म्या पिल्लांत दिसायला हवा होता. चौदा पिल्लं झाली, पट्टा एकाच्याही पाठीवर नाही. योगायोगाने असं घडण्याची शक्यता सोळा हजारांत एक. मी तिथेच थांबले. नात्यातलं प्रजनन चाचणीपुरतं एकदा करावं, पिढ्यान्‌पिढ्या करू नये. वाकडा कणा, अधू डोळे, न खाणारी पिल्लं हे त्याचे परिणाम दिसू लागले, तर ती ओळ बंद करा, रंग कितीही दुर्मीळ असो. मॉट्ली गुणिले मॉट्ली ही जोडी तर मी लावतच नाही. दोन्ही प्रती मिळालेली ‘सुपर मॉट्ली’ पिल्लं तग धरत नाहीत म्हणून ओळखली जातात आणि चारात एक पिल्लू जाणूनबुजून तसं जन्माला घालणं मला पटत नाही. मादीला दरवर्षी लावू नका. वेतानंतर तिचं वजन पूर्ण भरून यायला हवं.

बाहेरून नवा साप आणलात, तर प्रजननाचा विचार येण्याआधी तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा आणि आयबीडी या विषाणूजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या. अनेक वर्षं जपलेली ओळ या रोगाने एका हंगामात संपू शकते.

वहीत प्रत्येक पिल्लामागे एवढं हवं: आई-बाप, त्यांची ओळ, गाभणपणातलं तापमान, वेतातली एकूण संख्या, पिल्लांसोबत बाहेर पडलेली, फलित न झालेली अंडी, मेलेली पिल्लं, वेगळी निघालेली पिल्लं आणि फोटोंच्या तारखा. पिल्लू दुसऱ्याकडे देताना या पानाची प्रत सोबत द्या. ‘हेट’ सिद्ध आहे की शक्यता आहे, हे स्पष्ट लिहा. दोन हेटांच्या वेतातलं साधं दिसणारं पिल्लू हेट असण्याची शक्यता ६६ टक्के असते, शंभर नव्हे.

माझा पट्टेवाला अजून माझ्याकडेच आहे. मागच्या आठवड्यात त्याने अखंड कात टाकली, तिच्यावरही तो पट्टा पुसटसा दिसतो. पेटीवरचं जुनं नाव मी खरवडून काढलं आहे. तिथे आता लिहिलं आहे: नर, साधा, पट्टा आनुवंशिक नाही.