मध्ययुगीन लंडनचे घरादाराचे कागद वाचताय? या चुका टाळा

लंडनच्या हस्टिंग नावाच्या न्यायालयात 13 व्या शतकाच्या मध्यापासून खरेदीखतं आणि मृत्युपत्रं चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर उतरवून ठेवायला सुरुवात झाली. त्यांच्या जोडीला 1301 ते 1431 या काळातल्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या तक्रारींच्या नोंदी आहेत. मृत्युपत्रांचे आणि तक्रारींचे इंग्रजी गोषवारे आज घरबसल्या वाचता येतात. मात्र हे कागद हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेले आहेत. रोजचं जगणं त्यांत ओघात येऊन जातं, आणि नेमकं तेच आपल्या नजरेतून सुटतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे विकणारा, घेणारा आणि रक्कम पाहून पुढच्या नोंदीकडे जाणं. खरा ऐवज चतुःसीमेत असतो. तेव्हा घरांना नंबर नव्हते, नकाशे नव्हते. म्हणून 'पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला तमक्याचं, उत्तरेला राजरस्ता' अशी जागा सांगत. आपल्या खरेदीखतात आजही हेच असतं, त्यामुळे मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटू नये. एका कागदातला पूर्वेचा शेजारी दुसऱ्या कागदात मालक म्हणून भेटतो, आणि कागदाला कागद लावत गेलं की अख्खी गल्ली उभी राहते. डेरेक कीन या इतिहासकाराने विंचेस्टर शहराची अशीच जुळणी करून 1985 मध्ये प्रसिद्ध केली. लंडनच्या चीपसाइड बाजारपेठेवरही त्याने याच पद्धतीने काम केलं.

पण चतुःसीमेत नाव आहे म्हणजे तो माणूस तिथे राहत होता, असं धरून चालू नका. तो नुसता मालक असेल आणि घरात भाडेकरू असतील. कधी मालक केव्हाच मेलेला असतो आणि नाव तेवढं मागे राहतं. जोशी गावातून जाऊन दोन पिढ्या झाल्या तरी वाडा जोश्यांचाच म्हणवतो, तसंच.

भाड्याच्या आकड्यानेही फसगत होते. 'दरवर्षी सेंट जॉनच्या सणाला एक गुलाबाचं फूल' अशी नोंद दिसली की घर फुकटात दिलं असं वाटतं. ते फूल मालकी हक्काची नाममात्र खूण असतं. खरी रक्कम अनेकदा सुरुवातीलाच एकरकमी दिलेली असते, म्हणून तोच कागद पुन्हा नीट वाचा. एकाच घरावर चर्चचं, जुन्या मालकाचं, आणखी कुणाचं असे दोन-तीन वार्षिक हक्कही असू शकतात. त्यातला एकच आकडा उचलून घराची किंमत ठरवू नये. 'मार्क' म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, तो फक्त हिशेबात असे. तसं नाणं इंग्लंडमध्ये नव्हतं. आणि वर्ष 25 मार्चला बदलत असे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी आधीच्याच वर्षात धरले जात, तेव्हा त्या तारखा जपून घ्या.

मला सर्वात खटकते ती चूक तक्रारींच्या बाबतीत होते. संडास, गटार, दुर्गंधी वाचून लोक लगेच म्हणतात, 'मध्ययुगीन माणसं घाणीतच राहायची.' 1333 सालची एक तक्रार बघा. अँड्र्यू ऑब्री आणि त्याची बायको जोन यांचा शौचखड्डा शेजाऱ्यांबरोबर सामाईक होता. मधला आडोसा शेजाऱ्यांनी काढून टाकला आणि बसलेल्या माणसाचं अंग दिसू लागलं. हा प्रकार किळसवाणा आणि मुळीच सहन न होणारा आहे, असं नोंदीत लिहिलंय. घाणीची सवय झालेली माणसं असं कशाला लिहितील?

तेव्हा नियमही बारीक होते. शौचखड्डा दगडाने बांधलेला असेल तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट, नसेल तर साडेतीन. दोन घरांमधली दगडी भिंत तीन फूट जाड आणि सोळा फूट उंच, त्यासाठी दोघांनी दीड-दीड फूट जागा सोडायची. वाद झाला की मेयर आणि आल्डरमन, म्हणजे शहराच्या प्रभागांचे प्रमुख, स्वतः जागेवर येऊन पाहत आणि दुरुस्तीला साधारणपणे चाळीस दिवसांची मुदत देत. त्यामुळे तक्रार वाचताना काय बिघडलं याच्या जोडीने, लोक कशाला बिघाड मानत होते, हेही टिपून ठेवा.

'आणि त्याची बायको' हे शब्दही ओलांडून जाऊ नका. नवरा-बायको मिळून मालमत्ता देत असतील तर न्यायालय बायकोला वेगळं विचारून तिची संमती घेत असे. विधवा तर स्वतःच्या नावाने उभी राहते. 1341 मध्ये इसाबेल नावाच्या विधवेने शेजाऱ्यांच्या खिडक्यांवरून तक्रार केली. त्यांतल्या जॉन ट्रॅप याच्या खिडक्यांची काच फुटलेली होती आणि तिथून तो व त्याचे नोकर तिच्या बागेत पाहू शकत होते.

शेवटची चूक म्हणजे या कागदांत सगळं शहर सापडेल अशी अपेक्षा धरणं. खोली भाड्याने घेऊन राहणारे, हमाल, मोलकरणी यांच्या नावावर जागाच नव्हती, म्हणून त्यांची खतंही नाहीत. ते दिसले तर असे, दुसऱ्याच्या भांडणात, ओझरते. ट्रॅपच्या फुटक्या खिडकीशी उभे असलेले नोकर किती होते, त्यांची नावं काय, हे त्या नोंदीने लिहून ठेवलेलं नाही.