कायदा, राजकारण आणि वक्तृत्वशास्त्र: सहायक प्राध्यापक निवडताना

हे तिन्ही विषय शिकवणारा सहायक प्राध्यापक निवडायला समितीत कायद्याचा एक, राज्यशास्त्राचा एक आणि वक्तृत्वशास्त्राचा एक असे तिघं बसले की बहुधा असा उमेदवार निवडला जातो ज्याला कुणाचाच विरोध नसतो. मला हे फार खटकतं. म्हणून मी अध्यक्ष असले की जाहिरातीचा मसुदा हातात घेण्याआधी सगळ्यांना एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहायला लावते: हे तीन विषय एकाच माणसाने का शिकवायचे?

माझं उत्तर जुनंच आहे. ॲरिस्टॉटलने भाषणाचे तीन प्रकार केले. न्यायालयातलं भाषण घडून गेलेल्या गोष्टीबद्दल, सभेतलं पुढे काय करायचं त्याबद्दल, आणि तिसरं समारंभातलं. पहिल्या दोघांत कायदा आणि राजकारण आलंच. १९५८ साली पेरेलमन व ऑलब्रेख्त्स-टिटेका यांचा आणि तत्त्वज्ञ टूलमिन यांचा असे युक्तिवादावरचे दोन मोठे ग्रंथ आले, तेव्हा त्या दोन्हींनी गणिताऐवजी न्यायालयातला वाद नमुना म्हणून समोर ठेवला.

जाहिरातीत ‘तिन्ही विषयांत प्रावीण्य’ मागू नका. नुकती पीएच.डी. झालेल्याकडे ते क्वचितच असतं. एकात पक्का पाया, दुसऱ्यात प्रकाशित काम, तिसऱ्यात शिकवता येईल इतकी तयारी, एवढं पुरे. छाननीत प्रकाशनं मोजत बसू नका. अमेरिकेतली बहुतेक विधी-नियतकालिकं विद्यार्थी संपादित करतात, राज्यशास्त्राची नियतकालिकं तज्ज्ञांकडून लेख तपासून घेतात. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून काय कळणार? त्यापेक्षा प्रत्येकाकडून एकच लेख मागवा आणि समितीतल्या सगळ्यांनी तो पूर्ण वाचा.

खरा कस मुलाखतीत लागतो. मी उमेदवारासमोर एका निकालपत्राचं पान ठेवते आणि वाचायला वेळ देते. अमेरिकेतला १८९६ चा प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटला याला उत्तम. रेल्वेत वर्णावरून वेगळे डबे ठेवणारा लुइझियानाचा कायदा तिथे वैध ठरला. बहुमताचं म्हणणं असं की कृष्णवर्णीयांना यात कमीपणा वाटत असेल, तर तो अर्थ त्यांनीच लावलेला आहे. न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात गेले. निव्वळ कायद्याचा माणूस अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या, म्हणजे कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या, दुरुस्तीवर बोलतो, निव्वळ राज्यशास्त्राचा यादवीनंतरच्या सत्ताकारणावर. मला हवा तो उमेदवार बहुमताच्या त्या कमीपणाच्या वाक्यावर थांबतो. अपमानाची जबाबदारी अपमानित माणसावर कशी ढकलली गेली, कुणाला उद्देशून, आणि ते शक्य कसं झालं, हे तो एका दमात जोडून दाखवतो. तसं ऐकलं की पुढचे प्रश्न मी आनंदाने सोडून देते.

नमुना तास पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवा, सहकाऱ्यांसमोर नको. हरकत घेणाऱ्या विद्यार्थ्याचं म्हणणं उमेदवार आधी नीट मांडतो का, ते बघा. वक्तृत्व शिकवणाऱ्याला ऐकता आलंच पाहिजे.

शिफारसपत्रं शेवटी वाचा, म्हणजे मोठ्या नावांनी मत आधीच बनत नाही.

नेमणूक झाल्यावर बरेच जण या माणसाला दोन विभागांत वाटून टाकतात, आणि तो दोन्हीकडच्या बैठका, दोन्हीकडच्या उत्तरपत्रिका यांत बुडतो. नेमणूकपत्रातच लिहा: घरचा विभाग कोणता, आठवड्याला तास किती, मूल्यमापन कोण करणार आणि कुठल्या प्रकारचं लेखन धरलं जाणार. त्यावर दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या घ्या, आणि त्या झाल्याशिवाय पत्र बाहेर पाठवू नका.