जुनी मसल कार घरी सुधारताना: आधी टायमिंग, मग कार्बोरेटर

गाडी आयडलला धडधडते, दाबली की आधी अडखळते आणि मग पळते, जरा वेळ उभी राहिली की काटा लालकडे सरकतो. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "कार्बोरेटर बदला." मी बदलला. एकदा नव्हे, दोनदा. ते दोन्ही आज फळीवर धूळ खात पडलेत आणि गाडीवर मूळचाच आहे, छान चालतोय. या गाड्यांमध्ये कार्बोरेटरच्या नावावर खपणारा बहुतेक आजार इग्निशनचा असतो, हे मला दोन कार्बोरेटर आणि एक रेडिएटर विकत घेतल्यावर कळलं.

मी बोलतोय ते १९६४ ते १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बनलेल्या व्ही-८ गाड्यांबद्दल: जीटीओ, शेव्हेल, मस्टँग, रोडरनर अशा. पॉइंटचा डिस्ट्रिब्यूटर (उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी, म्हणजे पॉइंटनी, ठिणगी पाडून ती प्लगांना वाटणारा), वर चार बॅरलचा कार्बोरेटर, आणि कॉम्प्युटर नावाची वस्तू गाडीत कुठेच नाही. माझी १९६८ ची शेव्हेल आहे, ३२७ घनइंचांची. पाने, फीलर गेज, टायमिंग लाइट आणि आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. मॅन्युअल नसेल तर आधी ते मिळवा, क्रोमचे व्हॉल्व्ह कव्हर नंतर.

इंजिनाला हात लावण्याआधी

ब्रेक. १९६७ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असतो, म्हणजे एका चाकाशी पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा बसवून घ्या. इथे "मूळ ते मूळ" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या गाडीत बसत नाही एवढंच.

पत्रा: मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या काचेचा खालचा काठ आणि आतला पायाखालचा पत्रा यांवरून कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

गाडीखाली जाताना घोडे (जॅक स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर कधीही नाही.

पॉइंट

टायमिंगच्या आधी पॉइंट, हा क्रम उलटा करू नका. टायमिंग म्हणजे पिस्टन माथ्यावर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते; अंश क्रँकच्या फिरण्याचे. पॉइंटची फट बदलली की टायमिंग सरकतं, टायमिंग बदलल्याने फट बदलत नाही. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटरच्या कॅमला काडेपेटीच्या गुलाइतकं ग्रीस, बस. शेवरलेच्या व्ही-८ ला डिस्ट्रिब्यूटर कॅपमध्येच एक छोटी खिडकी असते. इंजिन चालू ठेवून तिच्यातून १/८ इंची ॲलन की घालायची आणि ड्वेल मीटरवर ३० अंश आणायचे. ड्वेल म्हणजे पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात ते. मीटर नसेल तर स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवत न्या, इंजिन मिसिंग करू लागलं की अर्धा फेरा मागे. बाकीच्या कंपन्यांचे आकडे थोडे वेगळे, ते मॅन्युअलमध्ये बघा.

इंजिन रेस केल्यावर ड्वेल तीन अंशांपेक्षा जास्त हलत असेल तर डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टचे बुश गेलेत. तिथेच थांबा. डुगडुगणाऱ्या शाफ्टवर टायमिंग लावणं म्हणजे हलत्या पाटावर जेवण वाढणं.

कॅप काढलेलीच आहे तर रोटर बोटांनी फिरवून सोडा. तो झटकन मागे यायला हवा. आळसावून येत असेल तर खालची वजनं, जी वेग वाढला की टायमिंग पुढे नेतात, ती गंजली आहेत. साफ करून थेंबभर तेल द्या.

खूण खरी आहे का?

आता तो भाग, ज्याने माझे दोन उन्हाळे खाल्ले.

क्रँकच्या पुढच्या टोकाला हार्मोनिक बॅलन्सर असतो. त्याच्या कडेवर एक रेघ आणि इंजिनावर अंशांची पट्टी. टायमिंग लाइट मारायचा, रेघ पट्टीवर कुठे दिसते ते वाचायचं. पण हा बॅलन्सर एकसंध लोखंड नसतो. आत एक गाभा, बाहेर एक जड कडं, आणि दोघांच्या मध्ये रबराचा पातळ थर. त्या रबराला पन्नासहून जास्त वर्षं झालीत. तेल आणि उष्णता खाऊन ते सुटतं आणि बाहेरचं कडं हळूहळू सरकतं. रेघ कड्यावर आहे. म्हणजे रेघही सरकली, आणि तुम्हाला ते डोळ्यांनी कळत नाही.

माझ्या गाडीत लाइट सांगत होता ३६ अंश. पुस्तकी. मी निश्चिंत. पण गाडीत दम नव्हता, उभी राहिली की तापायची, रात्री बॉनेट उघडून रेस केली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मंद लाल दिसायचा. एका जाणत्या गृहस्थांनी समजावलं की त्या काळचे अश्वशक्तीचे आकडे फुगवलेलेच असत, गाडी अशीच असते. अर्धं खरं होतं. १९७२ पासून कंपन्या नेट आकडे देऊ लागल्या. त्याआधीचे ग्रॉस असत, म्हणजे पंखा-सायलेन्सर न लावता उघडं इंजिन मोजून काढलेले. पण आकडा कसाही मोजा, मॅनिफोल्ड लाल होण्याचं कारण ते नव्हे. मी रेडिएटर बदलला. मग पहिला कार्बोरेटर. मग दुसरा.

शेवटी वैतागून पिस्टन स्टॉप लावून मोजलं. रेघ खऱ्या जागेपासून २१ मिलिमीटर मागे होती. माझ्या बॅलन्सरचा व्यास ८ इंच, म्हणजे परीघ साधारण ६३८ मिलिमीटर. त्यातले २१ म्हणजे १२ अंश. लाइट ३६ म्हणत होता तेव्हा ठिणगी खरी २४ अंशांवर पडत होती. जळण उशिरा सुरू व्हायचं आणि उरलेली आग एक्झॉस्टमध्ये जायची. रेडिएटरचा काही दोष नव्हता.

आणि हे बरं झालं म्हणायचं. कडं उलट बाजूला सरकलं असतं तर ३६ वाचत मी ४८ वर गाडी दामटली असती आणि पिस्टन फोडले असते.

तपासायला तासभर लागतो. बॅटरीची वायर काढा. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. पिस्टन स्टॉप म्हणजे प्लगच्या आट्यांत बसणारा, मधून दांडा आलेला तुकडा. जुन्या प्लगचं पांढरं पोट फोडून त्यात टोक गोल केलेला बोल्ट पक्का बसवला तरी होतो, माझा तसाच आहे. एक नंबरचा पिस्टन खाली असताना तो एक नंबरच्या भोकात आवळा. शेवरलेत एक नंबर म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात पुढचा.

आता क्रँक समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने हळू फिरवा. पिस्टन दांड्याला टेकेल. पट्टीच्या शून्यासमोर कड्यावर टोकदार खिळ्याने बारीक रेघ मारा. मग उलट दिशेने फिरवत न्या, पुन्हा टेकेल तिथे दुसरी रेघ. या दोन रेघांमधल्या लहान अंतराचा बरोबर मध्य, तोच तुमचा खरा शून्य, म्हणजे पिस्टन अगदी माथ्यावर असतानाची जागा. जुनी रेघ तिथे असेल तर देवाचे आभार माना. नसेल तर एकतर कडं सरकलंय, किंवा कुणीतरी एका वर्षाचा बॅलन्सर आणि दुसऱ्या वर्षाची पट्टी एकत्र केली आहे. दुसरं मी तीन गाड्यांत पाहिलंय.

इथे तीन गोष्टी ओरडून सांगायच्या आहेत. पहिली, स्टॉप लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही. पिस्टनला भोक पडेल. किल्ली खिशात ठेवा, दुसऱ्या कुणाला गाडीजवळ फिरकू देऊ नका. दुसरी, उलट फिरवताना क्रँकचा बोल्टच सुटू शकतो. टेकल्यावर जोर करू नका. काही जुन्या शेवरले क्रँकच्या नाकात बोल्टाला आटेच नसतात, तिथे पुलीच्या बोल्टांवरून किंवा खालून फ्लायव्हीलच्या दात्यांवरून फिरवावं लागतं. तिसरी, "स्क्रू ड्रायव्हर भोकात घालून पिस्टन वर आला की समजतं" हा सल्ला कानाआड करा. माथ्याजवळ क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. त्या पद्धतीने फार तर जवळपास पोचाल, नेमका शून्य मिळणार नाही.

कडं सरकलेलं सापडलं तर नवी रेघ मारून वेळ मारून नेऊ नका. जे एकदा सरकलं ते पुन्हा सरकेल, आणि सुटलं तर रेडिएटरमधून बाहेर येईल. नवा बॅलन्सर घ्या. तो काढायला पुलर आणि बसवायला स्क्रूने ओढणारं अवजारच वापरा. हातोड्याने ठोकून बसवण्याचा सल्ला देणारे भेटतील; नव्या रबराला आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगला ते ठोके सोसवत नाहीत.

टायमिंग लावणं

खूण खरी ठरली की हे सोपं आहे. माझा आग्रह एकच: आयडलचा आकडा बघून टायमिंग लावू नका, टोटल, म्हणजे वेग वाढल्यावर वजनांनी पूर्ण पुढे नेलेला आकडा, बघून लावा. कारखान्याने दिलेले आयडलचे आकडे त्या काळच्या पेट्रोलसाठी आणि त्या वजनांच्या नव्या स्प्रिंगांसाठी होते. तुमच्या स्प्रिंगा नव्या नाहीत.

३६ अंशांची खूण कड्यावर स्वतः काढा. ८ इंची बॅलन्सरवर ती शून्यापासून ६४ मिलिमीटरवर येते. व्यास वेगळा असेल तर व्यासाला ३.१४ ने आणि मग ०.१ ने गुणा. खूण शून्याच्या त्या बाजूला, जी फिरताना पट्टीजवळून आधी जाते. पांढरा रंग लावा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग आणखी पुढे नेणाऱ्या डबीची) नळी काढून तिचं तोंड बंद करा, नाहीतर सगळं वाचन खोटं. इंजिन गरम करून रेस वाढवत न्या; मिनिटाला साधारण ३००० फेऱ्यांच्या आसपास खूण पुढे सरकायची थांबते. तिथे डिस्ट्रिब्यूटर फिरवून ३४ ते ३६ अंशांवर आणा आणि आवळा. आयडलला मग जे काही उरेल ते उरू द्या, बहुधा ८ ते १४ अंश असतं.

बाही सैल नको, मान पंख्याच्या रेषेत नको.

नळी परत लावून चढावर, वरच्या गिअरला, अर्धा ॲक्सिलरेटर दाबून गाडी चालवा. डब्यात गोट्या खुळखुळल्यासारखा आवाज आला तर दोन अंश मागे घ्या. तो आवाज "जुन्या गाडीचा रुबाब" नव्हे, पिस्टनवर पडणारे घाव आहेत ते.

डिस्ट्रिब्यूटर पूर्ण बाहेर काढलाच असेल तर परत घालताना एक नंबर कॉम्प्रेशनला आहे याची खात्री करा. भोकावर अंगठा ठेवा, हवा ढकलेल तो फेरा. शेवरलेचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२, रोटर घड्याळाच्या दिशेने. फोर्डच्या २८९ आणि ३०२ ला १-५-४-२-६-३-७-८ आणि दिशा उलट.

आता कार्बोरेटर

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. दोन्ही मिक्श्चर स्क्रू हलके टेकेपर्यंत आत, मग दीड-दीड फेरा बाहेर. सगळ्यात जास्त व्हॅक्यूम मिळेपर्यंत पाव-पाव फेऱ्याने, दोन्ही सारखे. इंजिनाचा कॅम स्टॉक, म्हणजे कारखान्याचाच, असेल आणि काटा १७ इंचांच्या वर स्थिर असेल तर हात धुवा. टायमिंग बरोबर झाल्यावर माझ्या कार्बोरेटरला एवढंच लागलं.

सांभाळणं

तेल असं निवडा ज्यात झिंक भरपूर आहे. या इंजिनांचे टॅपेट सपाट बुडाचे, कॅमवर घासत चालतात. आजच्या गाड्यांसाठीच्या साध्या तेलात फॉस्फरसला मर्यादा घातलेली असते आणि त्याबरोबर झिंकही उतरतं. जुन्या इंजिनांसाठी म्हणून मिळणारं तेल घ्या.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या फुगवून चिरवतं. टाकीपासून पंपापर्यंतची प्रत्येक नळी बदला, पाच इंचांचा तुकडासुद्धा सोडू नका.

शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्ह सीट झिजून आत बसतात म्हणून हेड लगेच उतरवायची गरज नाही. सावकाश फिरवायची गाडी असेल तर तशीच चालवा. पुढे कधी हेड उघडली तर कडक सीट बसवून घ्या.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाइप आतून गंजतो.

आणि दर रविवारी शेडमध्येच पाच मिनिटं चालू करून बंद करायची ती सवय मोडा. इंजिन पुरतं तापत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, दोन्ही आतून सडतात. काढायची तर अर्धा तास रस्त्यावर काढा, नाहीतर झाकून ठेवा.

टोटल, आयडल, ड्वेल आणि व्हॅक्यूम, चारही आकडे तारखेसह एअर क्लीनरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. माझ्या झाकणावर आज सात ओळी आहेत. पहिल्या ओळीतल्या ३६ वर मी काट मारलीय आणि शेजारी २४ लिहिलंय.