सी ड्राइव्ह लाल झालाय? दुसरी डिस्क लावा, पण नीट

चवथीच्या घुमट आरत्या, मग शिगमो (आमचा गोव्यातला होळीचा सण), मधे जत्रेतल्या नाटकाचं तीन तासांचं रेकॉर्डिंग, असे व्हिडिओ साठवत साठवत माझ्या पीसीचा सी ड्राइव्ह (विंडोज असतं तो) भरत येऊन लाल झाला आणि विंडोज अपडेटपण घेईना. रीसायकल बिन रिकामा करून चार दिवस निघाले, परत तेच, शेवटी दुसरी हार्ड डिस्क घातली.

आधी प्लग काढून कॅबिनेट उघडा, मदरबोर्डवर (आतला मुख्य सर्किट बोर्ड) साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची डेटा केबल लावायची जागा, आणि एसएमपीएसची (पीसीला वीज देणारा डबा) साटा पॉवर वायर मोकळी आहे का बघा. डेटा केबल डिस्कसोबत बहुतेकदा येत नाही, ती आठवणीने घ्या, नाहीतर माझ्यासारखी फोंड्याला दुसरी फेरी.

जोडल्यावर नवी डिस्क लगेच दिसत नाही, घाबरू नका. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, विचारलं तर जीपीटी (डिस्कचे भाग मांडायची नवी पद्धत) निवडा, मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून न्यू सिम्पल व्हॉल्यूम, फॉरमॅट एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा), झालं. (जुनी भरलेली डिस्क असेल तर फॉरमॅटला हात लावू नका हां!) 1 टीबीची डिस्क 931 जीबी दाखवते, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी 1000 ने मोजते आणि विंडोज 1024 ने.

आता खरं काम. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स हे फोल्डर उचलून तिकडे टाकायचे नाहीत, सॉफ्टवेअर बंद पडतील. हलवायचं ते व्हिडिओ, फोटो, डाउनलोड्स. नव्या ड्राइव्हवर आधी 'व्हिडिओज' नावाचा फोल्डर करा, मग जुन्या व्हिडिओज फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधे लोकेशन टॅब, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर निवडा. मी घाईत फोल्डर न करता थेट ड्राइव्हच निवडला, तर अख्खा ड्राइव्हच व्हिडिओज होऊन बसला आणि ते निस्तरायला एक रविवार गेला. स्टीमवरचे (गेम विकत घेऊन खेळायचं अॅप) गेम असतील तर त्याच्या स्टोरेज सेटिंगमधून नवा ड्राइव्ह जोडून गेम तिकडे हलवता येतात, परत डाउनलोड नको.

आणि हलवलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही, फाइल अजून एकाच जागी आहे. पावसात आपल्याकडे लाइट कितीदा जाते माहितीये ना, फाइल्स हलवताना यूपीएस (लाइट गेली तरी पीसी थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी) हवाच. महत्त्वाचं तेवढं एका यूएसबी डिस्कवरपण टाका आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, जूनपासूनची दमट हवा डिस्कला चांगली नाही.