रुग्ण सहाय्यकांवर काम सोपवताना या चुका टाळा

रुग्ण सहाय्यकांना वॉर्डात मावशी किंवा मामा म्हणतात. काही बिघडले की 'मावशींनी केले नाही' किंवा 'मामांना सांगितले होते' ही वाक्ये सर्वांत आधी कानावर येतात. घटनेच्या थोडे मागे जाऊन पाहिले, तर बहुतेक वेळा चूक हाताची नसून निरोपाची असते. काम सांगितलेले असते, पण ते कोणत्या रुग्णाचे, किती वेळाने करायचे आणि काय दिसल्यास थांबायचे, हे सांगितलेले नसते. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्या खाटेजवळ दिवसभरात वारंवार जाणारी व्यक्ती बहुधा सहाय्यकच असते, म्हणून तिच्यापर्यंत पोहोचणारी सूचना नेमकी असणे ही उपचाराचीच बाब आहे.

कामाबरोबर निर्णयही सोपवणे

अंग पुसणे, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणे, बेडपॅन देणे, भरवणे, आधार देऊन चालवणे आणि शिकवलेले असल्यास ताप-बीपी मोजून लिहिणे ही कामे सहाय्यकावर सोपवता येतात. रुग्णाची तपासणी करून अर्थ लावणे, औषध किंवा इंजेक्शन देणे, सलाईनचा वेग बदलणे आणि जखमेची अवस्था ठरवणे ही कामे सोपवता येत नाहीत, मग वॉर्डात कितीही गर्दी असो. सोपवलेल्या कामाचीही जबाबदारी सिस्टरकडेच राहते. म्हणून काम सांगण्यापूर्वी पाच गोष्टी मनात तपासाव्यात: हे काम सोपवण्याजोगे आहे का, या रुग्णाच्या आजच्या अवस्थेत ते सोपवणे योग्य आहे का, ही व्यक्ती ते शिकली आहे का, सूचना पूर्ण आहे का आणि नंतर पाहणार कोण. एजन्सीकडून आलेले सहाय्यक वारंवार बदलत असतील, तर तिसरा प्रश्न प्रत्येक ड्यूटीला नव्याने विचारावा लागतो. 'येते ना?' या प्रश्नाला नवीन माणूस संकोचाने 'हो' म्हणतो. त्यामुळे पहिल्यांदा काम सोबत उभे राहून करून घ्यावे.

अर्धवट सूचना

'मावशी, तीन नंबरच्या आजोबांकडे जरा लक्ष ठेवा,' यातून ऐकणाऱ्याला करण्यासारखे काहीच मिळत नाही. तेच असे सांगता येते: 'मावशी, तीन नंबरच्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवा, आता डावीकडे आहेत, बारा वाजता उजवीकडे करा. कंबरेच्या हाडावर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही पांढरा पडला नाही, तर चोळू नका, लगेच मला बोलवा. वळवल्याची वेळ कागदावर लिहा.' दुसरी सूचना सांगायला अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ लागतो. त्यानंतर 'काय करायचे ते एकदा मला सांगा' असे म्हणून ती परत वदवून घ्यावी. यात मावशींचा अपमान नाही, फक्त हा प्रश्न परीक्षा घेतल्याच्या सुरात न विचारता आपले सांगणे नीट झाले का हे पाहण्यासाठी विचारावा.

काम तेच, रुग्ण वेगळा

नागपूरच्या उन्हाळ्यात ही चूक विशेष घातक ठरते. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना उष्माघाताचा रुग्ण आला, तर अंगावर पाणी शिंपडून पंखा लावणे, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणे ही तातडीची आणि जीव वाचवणारी कामे असतात, आणि त्यात सहाय्यकांचा हात मोठा असतो. शुद्धीवर नसलेल्या अशा रुग्णाच्या तोंडात पाणी घालायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाते, हे मात्र त्यांना आधीच सांगून ठेवावे लागते. शेजारच्याच खाटेवर सिकलसेलचा, वेदनेने तळमळणारा रुग्ण असू शकतो. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा हा आनुवंशिक आजार विदर्भात मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याच्या दुखऱ्या सांध्यावर बर्फ ठेवणे किंवा त्याला कूलरच्या थेट झोतात झोपवणे योग्य नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणे वाढू शकते. त्याला उबदार ठेवायचे असते, आणि पाणी किती द्यायचे ते सिस्टरला विचारून ठरवायचे असते. त्याला ताप आला, तर तो किरकोळ मानून ओल्या कपड्याने पुसून सोडून देऊ नये. लगेच कळवावे, कारण या आजारात तापामागे गंभीर संसर्ग असू शकतो. 'गरम झाले की थंड करा' एवढेच शिकलेल्या सहाय्यकाला हा फरक कोणी समजावलेला नसेल, तर चूक त्याची मानता येत नाही.

रोजच्या कामांतील चुका

नाकातील नळीने दूध किंवा सूप देताना खाटेचे डोके 30 ते 45 अंश उचललेले असावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास तसेच राहावे. दूध देऊन झाल्याबरोबर चादर बदलण्यासाठी रुग्णाला सपाट झोपवले, तर ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो, त्यामुळे चादरीचे काम आधी उरकावे. नळी जागेवर आहे का हे तपासण्याचे काम सिस्टरचेच आहे.

लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना ती पोटावर ठेवण्याची सवय सोडायला हवी, कारण साचलेली लघवी नळीतून मागे जाऊन संसर्ग होऊ शकतो. पिशवी रिकामी करण्यापूर्वी माप नोंदवावे आणि रुग्ण बदलताना हात धुवावेत. हातमोजे घातले म्हणून हात धुण्याची गरज संपत नाही. साबणाने हात धुण्यास 40 ते 60 सेकंद लागतात.

बीपी मोजताना लहान पट्टी मोठ्या दंडाला बांधली की आकडा खोटा वाढतो. रुग्ण पाच मिनिटे शांत बसलेला असावा आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर पट्टी कधीच बांधू नये. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. बोटाला ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र लावताना नेलपॉलिश असेल तर ते काढावे, आणि बोट थंडगार असेल तर आधी उबदार करावे.

लिहिले, पण कळवले नाही

तक्त्यावर बीपीचा 84/50 असा फार कमी आकडा नीट लिहिलेला असतो आणि तो तीन तासांनी दिसतो. सहाय्यकाने आपले काम केलेले असते, कारण त्याला लिहायलाच सांगितले होते. म्हणून प्रत्येक रुग्णासाठी कळवण्याची मर्यादा आधी ठरवून सांगावी: बीपीचा वरचा आकडा अमुकपेक्षा खाली गेला, लघवी तासाला अमुक मिलीपेक्षा कमी झाली, रुग्ण नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटला, तर लिहिण्याआधी येऊन सांगा. सिस्टर कामात असल्यास दुसरे कोण, तेही सांगावे. आणि मावशी 'आज ह्या काकूंचं काही ठीक वाटत नाही' असे म्हणाल्या, तर आकडे सामान्य असले तरी एकदा खाटेपाशी जाऊन यावे. रोज अंग पुसणाऱ्या व्यक्तीला बदल आधी जाणवतो.

'नाही' म्हणण्याची सोय नसणे

शिकवलेले नाही ते काम सहाय्यकाने नाकारणे हा उद्धटपणा नव्हे, आणि इनचार्जने हे ड्यूटीच्या सुरुवातीलाच बोलून दाखवावे. 'सिस्टर, हे मला येत नाही,' एवढे वाक्य पुरे आहे, आणि त्यावर रागावणे नको.

वापरलेली सुई ज्याने वापरली त्यानेच, टोपण परत न लावता, पांढऱ्या पंक्चर न होणाऱ्या डब्यात टाकायची असते. ती ट्रेमध्ये ठेवून 'मामा, हे आवरून घ्या' म्हणणे ही सोपवण्याजोगी गोष्टच नाही. तरीही कोणाला सुई टोचली, तर बोट दाबून रक्त काढू नये. साबण-पाण्याने धुवून लगेच कळवावे, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. सहाय्यक बहुधा ओरडा बसेल म्हणून गप्प राहतात, म्हणून कळवणाऱ्याला दोष दिला जाणार नाही, हे लिहून वॉर्डात लावावे आणि रात्रपाळीतही औषध कुठून मिळेल हे प्रत्येकाला ठाऊक असावे.