मॉस्फेट का जळत होता?

२४ व्होल्टच्या स्रोतावर पाच पातळ्यांचा (०, ±२४, ±४८ व्होल्ट) स्विच्ड कपॅसिटर इन्व्हर्टर बांधला, म्हणजे डीसीचं एसी करणारं सर्किट. त्यात कपॅसिटर आधी स्रोताला समांतर जोडून चार्ज होतो, मग एकसर जोडून व्होल्टेज दुप्पट करतो. शिखराला ४८ व्होल्ट. पण चार्जिंगच्या वाटेवरचा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सारखा जळे. मी गेट ड्रायव्हरवर (मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या सर्किटवर) संशय घेत बसलो आणि हिशेब मात्र केलाच नव्हता.

५० हर्ट्झला वरची पातळी सुमारे ४.६ मिलिसेकंद टिकते. २ अँपिअर भाराला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्यात ९ व्होल्ट खाली येतो. मग स्रोताला समांतर जोडताच वाटेत रोध जेमतेम ०.१ ओहम, म्हणजे जवळपास ९० अँपिअरचा झटका!

कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा केला, घसरण २ व्होल्टवर आली. चार्जिंगच्या वाटेत १० मायक्रोहेन्रीचं इंडक्टर, म्हणजे प्रवाह एकदम वाढू न देणारं वेटोळं, घातलं. त्याला फ्रीव्हीलिंग डायोड (स्विच उघडल्यावर इंडक्टरच्या प्रवाहाला वाट देणारा) हवाच, नाहीतर स्विच उघडताना व्होल्टेज उसळतं. आता झटका १५ अँपिअरच्या आसपास आहे आणि मॉस्फेट गार राहतो.