टर्किश जेवायला जाताय? कबाबची घाई नको

नागपुरात घरच्याच लोकांनी चालवलेल्या टर्किश हॉटेलात जेवायला जाऊन राहिले असाल तर बसल्याबसल्या कबाब सांगू नका, आधी दोन-तीन मेझे, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या डिशेस, मागवा, काबुली चण्याचं हमस, भाजलेल्या वांग्याचं बाबागनूश वगैरे, चार जणांत वाटून खायलाच असतात ते, आणि ब्रेड गरम आहे तोवरच खाऊन घ्या. व्हेजवाल्यांनी डोलमा, म्हणजे सारण भरलेली द्राक्षाची पानं किंवा भाज्या, नक्की विचारून घ्या, ऑलिव्ह ऑइलमधला थंड डोलमा बहुतेक बिनमटणाचा, गरम वाढतात त्यात बरेचदा खिमा असतो. मसूरच्या सूपचंही विचारा, स्टॉक मटणाचा असू शकतो. सळीवर भाजलेल्या खिम्याच्या कबाबांत तिखट हवं तर अदाना कबाब, उर्फा कबाब सौम्य, पण सावजीसारखा झटका अदानातही नाही मिळणार. मालक टेबलाशी आले की आज ताजं काय केलंय तेही विचारा ना!